गरम किटलीचा पुरावा

लेन गार्साइडला ओरेगॉनच्या त्या किनाऱ्यावर येऊन चार दिवस झाले होते, आणि चार दिवसांत त्याचं इतकं कौतुक झालं होतं की बिचाऱ्याला जेवण पचेना. जो भेटेल तो छातीवर हात ठेवून सांगणार, "साहेब, तुमची मालिका मी तीनदा पाहिली." कॅमेरावाला तेच म्हणाला, ड्रायव्हर तेच म्हणाला. केस विंचरणाऱ्या एका पोरीच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. लेनला अशी सवय नाही हो. त्याच्या थॉर्नस्बीत, तिकडं यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, कुणाला काही फारच आवडलं तर तो बिअरच्या ग्लासात बघत म्हणतो, "वाईट नव्हतं." झालं, संपलं कौतुक.

एकवीस वर्षं बस चालवलेला माणूस तो. शेवटच्या थांब्यावर बस उभी करून वहीत लिहीत बसायचा. त्यातूनच 'ओहोटीची वेळ' ही खुनाची मालिका झाली, आणि नऊ वर्षांपूर्वी साऱ्या देशानं ती डोक्यावर घेतली. आता अमेरिकनांनी तीच गोष्ट विकत घेऊन, आपली माणसं आणि आपलं गाव घालून, पुन्हा करायला घेतली होती. लेनला मानानं बोलावून घेतलं होतं. पाठीवर त्याचं नाव लिहिलेली एक खुर्चीही दिली होती. त्या खुर्चीत बसलं की माणूस काम करणाऱ्या सगळ्यांच्या पायात येतो, एवढाच तिचा उपयोग.

पण लेन काही खुर्चीत बसायला आला नव्हता. तो एक गोष्ट मागायला आला होता, आणि चार दिवस झाले तरी त्याच्या तोंडून ती निघत नव्हती.

आता ही भानगड समजायची तर मालिकेतला खून समजायला हवा. एक म्हातारी मास्तरीण आपल्या स्वयंपाकघरात मरून पडलेली सापडते. सापडते कुणाला, तर घरपोच मटण द्यायला आलेल्या विल्फ नावाच्या खाटकाला. तो पोलिसांना सांगतो, आत्ताच आलो, कशाला हात लावला नाही. डॉक्टर म्हणतो, बाई मरून दोन तास झाले. आणि एक कोवळा शिपाई जाता जाता विजेच्या किटलीला हात लावतो, तर किटली गरम! मेलेली बाई काय पाणी उकळणार? पाच भाग लोक विसरून जातात ती किटली, आणि सहाव्या भागात इन्स्पेक्टरीण विल्फला एवढंच विचारते, "चहात साखर किती घेतलीस रे?" खून करून तो माणूस दोन तास तिथंच बसला होता आणि चहा करून प्यायला होता, कारण त्या घरात शिरलं की किटली लावायची ही त्याच्या हाताची सवय. साऱ्या इंग्लंडच्या अंगावर काटा आला.

एकट्या थॉर्नस्बीच्या अंगावर नाही आला. कारण थॉर्नस्बीला माहीत होतं की दर शुक्रवारी म्हाताऱ्या बायकांच्या घरी मटण पोचवणारा, दार ढकलून आत शिरणारा, "बस गं तू, मी लावतो किटली" म्हणणारा खाटीक कोण. वॉल्टर स्केल्टन. लेनच्या धाकट्या बहिणीचा, मॉरीनचा, नवरा.

लेननं सगळंच उचललं होतं. ती चौकटीची टोपी, ती शीळ, मटणाच्या पुडीवर पेन्सिलीनं म्हातारीचं नाव लिहिणं, सगळं. आधी गावात नुसती थट्टा झाली. "वॉल्टर, चहा नको रे बाबा, अजून जगायचंय." वॉल्टरही हसला. मग एका शुक्रवारी एका म्हातारीनं पुडी दारातच घेतली. मग दुसरीनं. वाईट मनानं नाही, पण टीव्हीवर पाहिलेलं डोळ्यासमोरून जात नाही. वर्षभरात वॉल्टर पुड्या उंबऱ्यावर ठेवून, घंटा वाजवून परत फिरायला लागला. आणि घरीसुद्धा, कुणी पाहुणा आला की किटलीला हात लावेना. मॉरीननंच करायचा चहा.

त्यानं लेनला एकदाच विचारलं होतं, "तो मी आहे का रे?"

लेन म्हणाला होता, "छे छे. डोक्यातनं काढलाय सगळा."

कारण टीव्हीवाल्यांना तसा कागद त्यानं सही करून दिला होता, की यातलं एकही माणूस जिवंत माणसावरून घेतलेलं नाही. वर्तमानपत्रातही तो तेच बोलला होता. एकदा बोलला ते नऊ वर्षं बोलत राहिला. वॉल्टर त्या दिवसापासून लेनच्या घराची पायरी चढला नाही.

अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी लेन मॉरीनकडं गेला, तर ती आपल्या फाटकाशी उभी होती. आतसुद्धा ये म्हणाली नाही. "तिकडं पुन्हा खाटीकच खुनी करणार आहेत ना?"

"त्यांची मालिका आहे आता ती, मॉरीन."

"तो सत्तर वर्षांचा झालाय, लेन. एकदा सोसलं त्यानं. आता साऱ्या जगात दाखवणार. जमलं तर बदलून ये. नाही जमलं, तर माझ्या दारात येऊ नकोस."

तर हे असं होतं.

पाचव्या दिवशी लेननं हिय्या केला आणि शेलीला गाठलं. शेली क्रेमर ही तिथली मुख्य लेखिका, चाळिशीची, सतत उभ्यानंच खाणारी बाई. तिच्या खोलीत भिंतभर जुन्या मालिकेची चित्रं डकवलेली होती, एकेका दृश्याचं एकेक चित्र. खाली तीच दृश्यं यांनी कशी घ्यायची त्याचे आराखडे. तिथंच टेकवून ठेवली होती बसथांब्याच्या बाकड्यावर लावायची, मालिकेतली जाहिरात: मास्तरणीचा भाचा, घरं विकणारा दलाल, बत्तीस दात दाखवून हसतोय.

"शेली," लेन म्हणाला, "एक विचारू? समजा... खुनी बदलला तर?"

शेलीनं खाणं थांबवलं. मग बोट नाचवत हसायला लागली. "मला ठाऊक होतं! मी सगळ्यांना म्हटलंच होतं, लेन एकदा तरी आपली परीक्षा घेणार."

"परीक्षा नाही गं."

"लेन, ऐका. लोक म्हणतात आम्ही तुमच्याकडचं चांगलं घेतो आणि त्याची माती करतो. बरोबरच म्हणतात! म्हणून मी पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून वचन घेतलंय, केसालासुद्धा धक्का लावायचा नाही. तो खाटीक, ती टोपी, ती किटली. टोपी तर आम्ही इंग्लंडहून मागवली!"

"टोपी मागवलीत?"

"अगदी तशीच!" तिनं त्याला मिठी मारली. "तुमच्या विल्फला आम्ही काही होऊ देणार नाही."

लेन बाहेर आला तो डोकं गच्च धरूनच. आजवर जगात असा लेखक झाला नसेल जो म्हणतोय माझं मोडा, आणि पुढचा म्हणतोय जीव गेला तरी मोडणार नाही.

तसाच तो चालत चालत सामानाच्या गाडीशी आला. तिथं वांडा प्रूइटचं राज्य. नटाच्या हातात जी जी वस्तू येते, पिस्तुलापासून टाचणीपर्यंत, ती वांडानं द्यायची. साठी ओलांडलेली, आवाज खरबरीत, चष्मा दोरीनं गळ्यात. सगळ्या गोतावळ्यात ही एकटीच अशी, की जिनं लेनचं अजून कौतुक केलं नव्हतं. म्हणून त्याला ती आवडायची.

"ये बस," ती म्हणाली. "तोंड का असं केलंयस? पुन्हा कुणी स्तुती केली काय?"

लेन एका खोक्यावर बसला. समोर टेबलावर ती टोपी होती. चौकटी त्याच, रंग तोच. ती पाहिली आणि नऊ वर्षं घट्ट लावलेलं झाकण निघालं. त्यानं सगळं सांगितलं. वॉल्टर, शुक्रवार, उंबऱ्यावरच्या पुड्या, कागदावरची सही, फाटकातली मॉरीन. वांडा एका चमच्याला फडकं मारत राहिली.

"म्हणजे खरा माणूस आहे तो," शेवटी ती म्हणाली.

"आहे."

"आणि खुनी नाही."

"अगं, कोंबडी कापतानासुद्धा तिला सॉरी म्हणणारा माणूस तो."

"मग शेलीला जाऊन सांग की खरं."

"उद्या सांगणार आहे. वकील काय करायचं ते करू देत. पण भीती वाटते वांडा, ती म्हणेल, अरे वा, खरा माणूस! आणि त्याचे फोटो काढायला चार जण दुकानात पाठवेल."

वांडानं चष्मा डोळ्यांवर चढवून त्याच्याकडं नीट पाहिलं. मग उठली, खालच्या फळीवरून एक चकचकीत विजेची किटली काढली आणि त्याच्या पुढ्यात आदळली.

"तीन आठवडे मी या गावातली स्वयंपाकघरं बघत हिंडले. आमची मास्तरीण कशी राहत असेल ते बघायला. एकतीस घरं. त्यात ही वस्तू किती घरांत दिसली असेल?"

"किती?"

"एकातही नाही. शेवटी बाहेरून मागवली. इथं म्हातारी बाई रात्री झोपताना कॉफीच्या यंत्रात पूड आणि पाणी घालते, काटा आठावर लावते आणि झोपते. सकाळी आठला यंत्र आपलं आपण सुरू. त्यानंतर दोन तास खालची तबकडी गरम. मग आपलं आपण बंद."

लेनला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं तसा तो उभाच राहिला. "म्हणजे बाई मेली असली तरी..."

"मेली असली तरी कॉफी होणार. सव्वादहाला शिपाई येणार, हात लावणार, तर भांडं कोमटच असणार. यानं काय सिद्ध झालं? कप्पाळ!"

"मग तू हे बोलली का नाहीस कुणाला?"

"मी सामानवाली आहे, बाबा. चौतीस वर्षांत गोष्टीत तोंड घातलं नाही, म्हणून चौतीस वर्षं काम मिळालं. त्यांनी किटली मागितली, मी किटली दिली." तिनं टोपी उचलून खोक्यात टाकली, झाकण लावलं. "उद्या सकाळी त्या स्वयंपाकघराची तालीम आहे. उद्या घालते तोंड."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या सेटवर साठेक माणसं गोळा झाली. पडद्यावर जुनी मालिका लावून ठेवलेली, म्हणजे नटानं पाऊल कुठं टाकायचं तेही बघूनच टाकायचं. शिपाई झालेला तरणा नट आला, प्रेताकडं पाहिलं, ओट्याशी गेला, किटलीवर हात ठेवला आणि दचकला. हुबेहूब. शेलीनं डोळे पुसले.

"एक मिनिट," वांडा म्हणाली.

सगळे वळले. सामानाच्या खोक्यालाच वाचा फुटल्यासारखं वाटलं त्यांना.

"ज्यांच्या घरी ही किटली आहे त्यांनी हात वर करा."

दोनच हात वर झाले. एक लेनचा. दुसरा आवाज रेकॉर्ड करणाऱ्याचा, आणि तो मूळचा आयर्लंडचा.

"आणि सकाळी आपोआप सुरू होणारं कॉफीचं यंत्र?"

हातांचं रान उभं राहिलं. शेलीचाही हात वर निघाला. अर्ध्यावर गेला आणि तिथंच थांबला. हुशार बाई, तिला सांगावं लागलं नाही. तिनं किटलीकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि मटकन त्या मास्तरणीच्या खुर्चीत बसली. प्रेत झालेली नटी जमिनीवरून म्हणाली, "मी उठू का?"

"आपण सहा महिने हे करतोय," शेली म्हणाली. "सहा महिने. चौदा जणांनी वाचलं. एकालाही... अरे, माझ्या स्वतःच्या घरी किटली नाही!"

"तुम्ही सगळे पडद्यात बघत होतात," वांडा म्हणाली. "ओट्याकडं कुणी बघितलं नाही."

"मग किटली बाहेरून आणलेली दाखवू. बाईंचा नवरा इंग्लंडचा होता म्हणू."

"आणि साऱ्या गावात एकट्या खाटकाला ती चालवता येते?" वांडा म्हणाली. "मग पहिल्याच भागात धरा त्याला आणि जा घरी."

कुणीतरी फिस्कन हसलं. शेलीनं लेनकडं पाहिलं. बुडणारं माणूस काठाकडं बघतं तसं. "लेन, काहीतरी सांगा. खुनी तोच ठेवून काही करता येईल?"

शेलीला अजून खाटीकच हवा होता. पण एकवीस वर्षं लेननं गाडी वळवली होती. कुठं वळवायची ते त्याला कळायचं.

"खाटीक आत आला," तो हळू म्हणाला. "समोर गरम कॉफी. तो काय करेल?"

"काय करेल?"

"पिईल! बसून पिईल, तिलाही ओतून देईल, मेली असली तरी. त्यानं प्यायली असती तर कप दिसला असता. ठीक? आता असं करा. यंत्र गरम आहे. पण काचेचं भांडं रिकामं आहे, आणि धुऊन पालथं घातलंय. ओटा पुसलाय. कॉफीचा वास उरू नये म्हणून खिडकी उघडलीय. खून करून, माणूस भांडं कशाला धुईल?"

मग वांडाच म्हणाली, "विकायचं घर दाखवायच्या आधी धुतात तसं."

"हां! ज्याची हाताची सवयच आहे ती. आत शिरलं की खिडकी उघडायची, सिंक रिकामं करायचं, ओटा पुसायचा, कारण गिऱ्हाईक येणार."

शेली ताडकन उठली. जाहिरातीत बत्तीस दात दाखवून हसणारा भाचा साऱ्यांच्या डोळ्यांपुढं एकदमच आला असावा, कारण तीन-चार जण एकाच वेळी बोलले. "दलाल!" "भाचा!" "त्याला तर ते घर विकायचंच होतं!" जमिनीवरची नटी उठून बसली आणि म्हणाली, "मेल्या भाच्या!" खाटीक झालेला नट कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता, पण त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

"पण वचन," शेली म्हणाली. "मी वचन घेतलंय सगळ्यांकडून. केसालाही धक्का नाही..."

"हाताच्या सवयीनं खुनी सापडतो, हीच माझी गोष्ट आहे," लेन म्हणाला. "ती तशीच आहे. फक्त हात तुमच्याकडचा आहे."

शेली लॉस एंजलिसला, मालिकेच्या मालकांना, फोन लावायला गेली. आणि मग सुरू झालं वाट बघणं. लेन आपल्या नावाच्या खुर्चीत बसला. चौघांच्या पायात आला, उठला, पुन्हा बसला. वांडानं त्याला एक डोनट आणून दिला. तो त्यानं नुसता हातात धरला.

"एक सांग," तो म्हणाला. "तुझ्या ओळखीत कुणी घरं विकणारा आहे का? मला पुन्हा तेच नको."

"माझा पहिला नवरा."

"अरे देवा."

"खा तू. टीव्हीवर यायचं म्हणून तो स्वतः दोन खून कबूल करेल."

तासाभरानं शेली आली ती पळतच. लेननं तिचं तोंड बघितलं आणि डोनट पडला. "खूश आहेत!" ती ओरडली. "म्हणाले, ज्यांनी जुनी पाहिलीय त्यांनाही आता शेवट कळणार नाही. हे आधी का नाही सुचलं म्हणून मलाच झापलं!" तिनं लेनला मिठी मारली, वांडाला मारली, आयर्लंडवाल्यालाही मारली.

इतकी वर्षं पाठीवर काय होतं ते खाली ठेवल्यावरच कळतं माणसाला. लेन सामानाच्या गाडीमागं गेला, पायरीवर बसला आणि फोन लावला. इकडं अकरा वाजले होते, म्हणजे थॉर्नस्बीत संध्याकाळचे सात.

मॉरीननं उचलला. "काय?"

"वॉल्टरला दे."

"आधी मला सांग."

"वॉल्टरला दे गं."

बराच वेळ खुडबूड झाली. मग एक खाकरणं. "हं."

बदललं, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं लेनला. तोंडावर तेच होतं. पण निघालं दुसरंच. "वॉल्टर, तो तूच होतास. टोपी, किटली, सगळं तुझंच घेतलं मी. आणि विचारलंस तेव्हा तोंडावर खोटं बोललो."

पलीकडं टीव्हीचा आवाज तेवढा येत होता, तोही कुणीतरी बारीक केला.

"ठाऊक होतं मला," वॉल्टर म्हणाला. "गाढवा, माझी टोपी मला ओळखू येणार नाही होय? पण तू सांगायची वाट बघत होतो. नऊ वर्षं लावलीस."

"हो."

"बसही तशीच चालवायचास. कधी वेळेवर आली नाही."

लेन हसला, आणि हसताना नाक पुसावं लागलं. मग त्यानं बाकीचं सांगितलं. वांडा, साठ माणसं, दोन हात, धुतलेलं भांडं.

"म्हणजे खुनी कोण आता?"

"घरं विकणारा."

"हां. ते पटतं," वॉल्टर म्हणाला. "मग त्या खाटकाचं काय?"

"काही नाही. मटण देतो, प्रेत बघतो, पोलिसांना बोलावतो. भला माणूस."

"एवढंच? सहा भागांत एवढंच काम?"

"वॉल्टर..."

"नाही, मी नुसतं विचारतोय. शेवटचा तो चौकीतला मोठा सीन होता, तो गेला म्हणजे. चांगला होता तो सीन. खाटीक रडतो तो."

"तू पाहिलायस?"

"चारदा पाहिलाय," मागून मॉरीन ओरडली. "दुकानाच्या मागच्या खोलीत! ह्याला वाटतं मला कळत नाही!"

"तू गप बस गं," वॉल्टर म्हणाला. मग फोनमध्ये, जरा हळू, "वाईट नव्हता."

गाडीच्या पलीकडं वांडा कुणावर तरी खेकसत होती, की ती किटली खोक्यात नीट भर, परत पाठवायचीय.

"कधी येतोयस?" वॉल्टरनं विचारलं.

"शुक्रवारी पोचतो."

"शुक्रवारी मला पुड्या द्यायच्या असतात. संध्याकाळी ये. आणि तिकडनं ती टोपी घेऊन ये, त्यांना काय उपयोग आता तिचा. माझी विरलीय." फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, पण बंद केला नव्हता, नुसता टेबलावर ठेवला होता त्यानं. लांब जाणारी चप्पल ऐकू आली, मग वॉल्टरचा आवाज, "बस गं तू, मी लावतो," मग नळ, आणि मग किटलीच्या बटणाचा तो खटका.

मॉरीननं फोन उचलला तेव्हा ती रडत होती की हसत होती ते लेनला कळलं नाही. "लेन," ती म्हणाली, "शुक्रवारी बिस्किटं घेऊन ये. रिकाम्या हातानं येऊ नकोस."